चिकटवलेलं पान

वर्तकनगरला आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला एक मराठी प्राथमिक शाळा आहे. तिथे मी पहिल्यांदा गेलेलो तो भांडायला. तिसरीच्या वर्गाची खिडकी नेमकी आमच्या बेडरूमसमोर, आणि माझा दुपारचा डोळा लागला रे लागला की तिकडून अख्खा वर्ग कविता म्हणायला लागायचा. एक दिवस पायात चप्पल अडकवली, वाक्यं मनात घोळवली आणि तावातावाने वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

आत सगळं चिडीचूप. मुलं भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे तोंड करून बसलेली आणि त्यांच्या बाई, वयाने माझ्या मुलीएवढ्या, रिमोट तळहातावर आपटत उभ्या. मला बघून म्हणाल्या, "तुम्ही वीजवाले का?"

आता मी निवृत्त झालोय तो वीज खात्यातूनच. त्यामुळे "हो" म्हणालो. फक्त माझी सगळी नोकरी वाढीव बिलाच्या तक्रारी ऐकण्यात गेली आणि घरच्या इस्त्रीपलीकडे मी कधी वायरीला हात लावला नाही, एवढं सांगायचं राहून गेलं. टीव्हीच्या मागे डोकावलो. भिंतीवरचं बटणच बंद होतं. ते चालू केलं, टीव्ही लागला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. नोकरीत लोकांनी माझ्या टेबलावर हात आपटले होते, टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या. मी भांडण विसरलो. बाईंनी विचारलं, "काका, दुपारी मोकळे असता का? मुलांना पुस्तकं वाचून दाखवायला कुणीतरी हवंय."

घरी येऊन ऐटीत सांगितलं. बायको म्हणाली, "मला पेपर वाचून दाखवता तेव्हा मी उठून आत तरी जाते. ती पोरं बिचारी कुठे जातील?"

अशा रीतीने मी दर बुधवारी तिसरीत जायला लागलो.

बाईंची एक पद्धत होती. कपाटातलं एक पुस्तक घ्यायचं, ते मी बुधवारी थोडं थोडं वाचून दाखवायचं. पुस्तक संपलं आणि त्याच गोष्टीवर कुणी छोटी फिल्म केलेली मिळाली, की ती टीव्हीवर लावायची. मग खरा खेळ. खिडकीकडची भिंत पुस्तकाची, दाराकडची भिंत पिक्चरची. ज्याला फरक सापडला त्याने उठून सांगायचं आणि बाकीच्यांनी, ती गोष्ट जिथे असेल, त्या भिंतीकडे धावायचं. मुलं धाडी घालणाऱ्या अधिकाऱ्यांसारखी फरक शोधायची. "बाई, पुस्तकात मांजराची शेपटी पांढरी, इथे सगळं मांजर काळं! मांजर बदललं! फसवलं!" मी जन्मभर पुस्तकं वाचली ती गाडीत बसल्यासारखी, बाहेर बघत. ही पोरं मात्र पानावर पालथी पडून वाचायची. मी एखादी ओळ गाळली तर मागच्या बाकावरून यायचं, "आजोबा, ओळ खाल्ली!"

पावसाळा संपता संपता बाईंनी माझ्या हातात एक नवं कोरं पुस्तक ठेवलं. खाडीत होडी चालवणारा एक नावाडी आणि त्याचा कुत्रा. कुत्रा दिवसभर होडीच्या टोकाला गोणपाटावर बसतो, उतारूंवर लक्ष ठेवतो, मासळीच्या टोपल्या हुंगतो आणि पलीकडचा धक्का आला की नावाड्याच्या आधी उडी मारतो. एवढंच. पण चित्रं अशी होती की पान उलटलं की पाण्याचा वास यावा. वर्ग खूश. पहिल्या बाकावरची एक मुलगी तर वेडीच झाली. दोन वेण्या, त्यातली एक रिबन कायम सुटलेली. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून पुस्तक मागायला यायची आणि पहिल्याच पानावरच्या कुत्र्याच्या चित्रावरून बोट फिरवत बसायची; पुढचं बुधवारी ऐकायचं म्हणून पान उलटायची नाही.

"आमचा पण असाच तपकिरी आहे," तिने मला सांगितलं. "जिन्याखाली झोपायचा. आता मामाकडे गेलाय, शहाडला. तिकडे नदी आहे ना, त्याला पोहायला मिळतं. दिवाळीत येणारे."

शाळा सुटल्यावर गेटवर तिची आई भेटली. मी आपला मोकळेपणाने म्हणालो, "वा, कुत्र्याला सुट्टीला पाठवलंत होय!" आईचा चेहरा बदलला. तिने मुलीला विसरलेली बाटली आणायला वर पिटाळलं आणि भराभर बोलली, "काका, तो गेला हो. पाण्याच्या टँकरखाली आला. ही शाळेत होती. हिच्या बाबांनी बिल्डिंगमागे बदामाखाली पुरला त्याला. मला सुचेना, मी म्हटलं मामाकडे पाठवला. आता रोज म्हणते फोन लाव. मग माझा भाऊ तिकडून भुंकतो."

"भुंकतो?"

"काय करणार? रिक्षात पॅसेंजर असला तरी भुंकतो बिचारा. तुम्ही काही बोलू नका हां तिला."

मी कानाला हात लावला. मी कशाला बोलतोय?

त्याच संध्याकाळी पुढच्या बुधवारचा भाग चाळायला घेतला आणि मध्येच थांबलो. पुस्तकातला कुत्रा म्हातारा होतो. एका सकाळी नावाडी हाक मारतो आणि तो उठत नाही. नावाडी त्याला किनाऱ्यावरच्या झाडाखाली पुरतो. पुढच्या चित्रात होडीचं टोक रिकामं आणि त्यावर नुसतं गोणपाट. लिहिणाऱ्याने फार साधं लिहिलं होतं. रडारड नाही, काही नाही. मी हे मोठ्याने वाचणार, पहिल्या बाकावर ती बसलेली असणार, आणि मी मान वर केली की ती माझ्याकडेच बघत असणार. दिवाळी तोंडावर होती.

कुणीही शहाण्याने बाईंना जाऊन सांगितलं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन डिंकाची बाटली शोधली.

बायको दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय?"

"पान जरा सैल झालंय."

"नव्या पुस्तकाचं?" तिने चष्मा लावून बघितलं. त्या भागातल्या एका पानाची पाठ मी पुढच्या पानाच्या तोंडाला चिकटवलेली, वरून जाड शब्दकोश दाबून ठेवलेला. कुत्र्याचं मरण आणि रिकामं गोणपाट दोन्ही आत बंद. "नातवंडं असल्या कारभारापायी मार खातात," ती म्हणाली आणि निघून गेली.

बुधवारी बाई मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, खोलीत मीटिंगला गेलेल्या. मला रान मोकळं. चिकटलेल्या पानाशी आलो आणि पुस्तकात बघत बिनदिक्कत वाचलं, "मग नावाडी म्हणाला, आता तू दमलास. तू माझ्या बहिणीकडे कोकणात जाऊन आराम कर. आणि त्याने कुत्र्याला खोपटच्या डेपोत नेऊन एसटीत बसवून दिलं."

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं.

"आजोबा, एसटीत कुत्र्याला घेतात?"

"कंडक्टर ओळखीचा होता."

"तिकीट अर्धं की पूर्ण?"

"अर्धं."

"पण तो म्हातारा होता ना? मग म्हाताऱ्यांची सवलत मिळेल."

"हो, तीच मिळाली."

"आधार कार्ड?"

पुस्तकात एका पानावर एवढा मजकूर मावतोच कसा, हे कुणाच्या डोक्यात येण्याआधी मी घाईघाईने गाडी घाटातून उतरवली, कुत्र्याला बहिणीच्या अंगणात पोचवलं आणि पेज पाजली. पहिल्या बाकावर रिबनवाली दोन्ही हातांवर हनुवटी टेकून ऐकत होती. "तिकडे पण नदी आहे?"

"आहे तर!"

"मग तो पण पोहतो?"

"दिवसभर."

ती इतकी हसली की मला स्वतःचा अभिमान वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला.

पुढच्या सोमवारी बाई रस्त्यात भेटल्या, भाजीची पिशवी सावरत. "काका, सापडली! नावाड्याच्या गोष्टीवरची फिल्म. मी बघितली, अगदी पुस्तकाबरहुकूम आहे. शेवट तर काय सुंदर केलाय! बुधवारी लावते."

मी म्हणालो, "छान, छान," आणि घरी येऊन आडवा झालो. ती मुलगी वर्गभर पोरांमध्ये बसून टीव्हीवर तपकिरी कुत्रा मेलेला बघणार. वर मीच तिला दोन नद्यांची हमी दिलेली. आईने सांभाळलेलं सगळं माझ्या हातून उघडं पडणार, आणि तेही तिला जवळ घ्यायला आई नसताना.

"बाईंना सांगा सरळ," बायको म्हणाली.

"पुस्तकाचं काय सांगू? माझा बुधवार जाईल."

"पोरीचं बघा. बुधवारचं काय घेऊन बसलात?"

बरोबर होतं तिचं. पण मी मंगळवारी बाईंना जे सांगितलं ते असं, की त्या टीव्हीला अर्थिंग नाही, मुलांना धोका आहे. बाई म्हणाल्या, "अय्या, मग बरं झालं तुम्ही आहात. उद्या लवकर येऊन बघता का?"

बुधवारी लवकर गेलो. "तुम्ही आलात ना, मग काळजी नाही," म्हणत बाई वर्गात शिरल्या. व्हरांड्यात स्विचबोर्डाची पेटी होती, आत खटक्यांची रांग आणि प्रत्येकाखाली कुणीतरी कधीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, आता पुसलेलं. आतून बाईंचा आवाज आला, "पडदे ओढा रे." मी मनाशी हिशेब केला की तिसरीचा वर्ग कोपऱ्यात, म्हणजे खटकाही कोपऱ्यातला. डोळे मिटले आणि खाली ओढला.

वर्गात टीव्हीचं संगीत सुरू झालं. आणि शेजारच्या खोलीतून मोठ्या बाई, हातात अर्धवट छापलेला कागद घेऊन, बाहेर आल्या. "माझाच लाईट कसा गेला?" मग त्यांना पेटीपाशी मी दिसलो. "अरे वा, तुम्ही आलातच! याला म्हणतात सेवाभाव." मी खटका वर केला. त्यांच्या खोलीत पंखा फिरायला लागला. त्यांनी मला आत ओढून नेऊन खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि शाळेच्या वायरिंगचा सगळा इतिहास सांगायला घेतला. मध्येच विचारलं, "तुमचं मत काय, वायरिंग पूर्ण बदलावं का?" मी म्हणालो, "बदलावं." भिंतीपलीकडून वल्ह्याचा आवाज येत होता, मग पोरं हसली, म्हणजे टोपलीतला मासा पळवण्याचा प्रसंग झाला. चहा गरम होता म्हणून बशीत ओतला, बशीतून पॅंटवर सांडला. मोठ्या बाई फडकं शोधायला उठल्या. भिंतीपलीकडे एकदम काहीच ऐकू येईना. मी कप ठेवला आणि पळालो.

वर्ग अंधारा. पडद्यावर नावाडी झाडाखाली फावड्याने माती ओढत होता. मग रिकामं टोक, गोणपाट, पाणी. मी तिला शोधलं. रडत नव्हती. कपाळाला आठ्या घालून, मांजराची शेपटी शोधणाऱ्या डोळ्यांनी, पडद्याकडे बघत होती. पडदे उघडून लाईट लागल्यावर पहिला हात तिचाच वर.

"बाई, पिक्चर चुकलंय. पुस्तकात तो मेला नाही. एसटीने कोकणात गेला."

आणि अख्खा वर्ग बाकं सरकवत पुस्तकाच्या भिंतीकडे धावला.

"एसटीने?" बाई म्हणाल्या.

"खोपटहून! सवलतीत!" वर्ग एका सुरात.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं, तर समोर आमचीच बेडरूम. बाईंनी कपाटातून पुस्तक काढलं, पानं उलटली, परत मागे गेल्या. रिबनवाली त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. पुस्तकाला सगळ्यात जास्त हात तिचाच लागलेला. तिने ते पान दोन बोटांत धरून चोळलं. "हे जाड आहे." मग पुस्तक उघडंच धरून खिडकीशी गेली, ते पान उन्हात धरलं आणि तोंड जवळ नेऊन वाचायला लागली. मागची अक्षरं पुढच्या अक्षरांत मिसळलेली, पण चित्र स्पष्ट दिसत असणार. सगळी पोरं भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होती.

"आजोबा, तुम्ही चिकटवलं?"

"हो."

"का?"

मी काही तरी चांगलं सांगायचा प्रयत्न केला. आलं ते एवढंच, "मला ते मोठ्याने वाचवेना."

मागून एकजण म्हणाला, "आम्हाला पण कितीतरी वाचवत नाही. आम्ही चिकटवतो का?" त्याच्यावर बाईंनी डोळे वटारले. तो चुकीचं काय बोलला हे मला अजून कळलेलं नाही.

तिने पुस्तक मिटलं. माझ्या अगदी जवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "मग मामाकडचा?"

त्या महिन्यात माझ्या तोंडाला जे जे आलं ते मी बोललो होतो. नदी बोललो, कंडक्टर बोललो, पेज बोललो. या वेळी एक सोपं वाक्य होतं, "तो मजेत आहे." जिभेवर आलेलंही. ती माझं तोंड अशी निरखत होती की ते पानसुद्धा तिने एवढं निरखलं नसेल.

"ते आईला विचारू या," मी म्हणालो. "मी येतो बरोबर."

शाळा सुटेपर्यंत ती बाकावर हात बांधून बसून राहिली. बाईंना मी व्हरांड्यात सगळं सांगितलं. त्या पुस्तकाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. "मला आधी का नाही सांगितलंत काका? मी तिला मांडीवर घेऊन बसले असते," एवढंच म्हणाल्या, आणि पुस्तकाबद्दल बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

गेटवर आईने आमच्या दोघांचे चेहरे बघितले आणि ओळखलं. माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी घेतला. मग ती तिथेच पायरीवर बसली, लेकीला समोर उभं केलं, आणि सांगितलं. टँकर, शाळेची वेळ, बाबा, बदाम. काही झाकलं नाही. मुलीने मध्ये एकदाच विचारलं, "खूप लागलं त्याला?" आई म्हणाली, "लगेच गेला गं." मग मुलगी थोडा वेळ बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिली.

"मग फोनवर कोण भुंकायचं?"

"मामा."

"वाटलंच मला. तो असा नाही भुंकत."

आणि मग मात्र रडली. आईच्या खांद्यात तोंड घालून, दप्तरासकट. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि दप्तर मध्ये येत होतं, म्हणून मी ते मागून उचलून धरलं. तेवढंच काम मला त्या दिवशी नीट जमलं.

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं. "मला बघायचंय कुठे ठेवलाय ते. आजोबा, तुम्ही पण चला."

त्यांची इमारत दोन गल्ल्या सोडून. मागच्या बाजूला कुंपणाशी बदाम होता, पण मधल्या काळात सोसायटीने तिथे फरशीचे ठोकळे बसवून पार्किंग केलेलं. नेमक्या त्या जागेवर कुणाची तरी नवी कोरी स्कूटर उभी. आई ओशाळली. "इथे, हिच्या खाली," म्हणाली. मुलगी स्कूटरच्या चाकाकडे बघत उभी राहिली.

मला राहवेना. म्हटलं, एवढी तरी जागा मोकळी करून द्यावी. मागच्या बाजूला गेलो, दोन्ही हातांनी धरली आणि उचलून बाजूला घ्यायला गेलो. स्कूटरने जो भोंगा काढला! कुई कुई कुई, दिवे उघडमीट. बदामावरचे कावळे उडाले. वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. वॉचमन काठी घेऊन धावत आला, "ओ काका! कोणाची गाडी ढकलताय?" मी दिसेल ते बटण दाबलं आणि भोंग्याच्या जोडीला हॉर्नही वाजायला लागला.

"आजोबा, सोडा," मुलगी म्हणाली. नाक लाल, गाल ओले, आणि तोंडाच्या कोपऱ्यात हसू आवरत नव्हतं. "वाजू दे. कुठल्या पण गाडीचा भोंगा वाजला ना, की तो जिन्याखालून धावत यायचा भांडायला."

ती ठोकळ्यांवर उकिडवी बसली आणि तळहात जमिनीला टेकला. आई तिच्या बाजूला बसली. वॉचमन काहीतरी विचारत होता, मी हाताने त्याला थांब म्हणालो. भोंगा आपोआप बंद होईपर्यंत आम्ही कुणी तिथून हललो नाही.